'नका' गिळणारा भोंगा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यातच वाकलो असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे, आणि तुझ्यावाचून आमचं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण तुझ्या आवाजाने घोळ घातलाय. नोकरीसाठी दूर जाण्याआधी मी चालवतो त्या शेती खात्याच्या जीपवरच्या भोंग्यासाठी मळणीच्या सूचना तू बोलून रेकॉर्ड करून दिल्या होत्यास ना? (साहेबांच्या आवाजाने लोकांना झोप यायची, तुझ्या दरडावण्याने मला लहानपणापासून जाग येते.) यंदा खड्ड्यांनी भोंगा असा खिळखिळा झालाय की वाक्य संपता संपता त्याला उचकी लागते आणि 'नका' तेवढा नेमका गिळला जातो. त्यामुळे गव्हाच्या खळ्याखळ्यावर तू परवानगी मागत फिरतेस, "चालू यंत्रात हात घालू? सैल बाह्यांचा सदरा घालू?" आणि मळणीवरची माणसं एका सुरात ओरडतात, "नको गं बाई!"

मी भोंगा दुरुस्तीला नेणारच होतो. पण परवा शेजारचे घाईकाका (उद्याचं काम काल उरकणारे, तेच) यंत्रात अडकलेली पेंढी हाताने ढकलायला वाकले, आणि तेवढ्यात माझी जीप बांधाजवळून गेली. तू विचारलंस, "हात घालू?" काका सवयीने म्हणाले, "नको गं पोरी," आणि आपलाच हात मागे घेतला. मग यंत्र बंद करून बराच वेळ स्वतःची बोटं मोजत बसले. दहा भरली. संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "ताई कधी येतेय?" बाबा चष्मा पुसत राहिले.

हल्ली जीप दारात लावली की बाबा म्हणतात, "एकदा वाजव, नीट चालतोय का बघू." मग खुर्ची ओढून तुझ्या एकेका प्रश्नाला उत्तर देत बसतात. मी टायर तपासायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळतो. घर फार गप्प झालंय, ताई.

तुझा धाकटा

ता. क. साहेबांना सूचना नव्याने बोलून हव्या आहेत. फोनवरून पाठव, एवढ्यासाठी येऊ नको.

पुन्हा ता. क. गेल्या सुगीत तू 'चार दिवस येऊ?' असं विचारलं होतंस आणि मी 'येऊ नको, धावपळ आहे' असं कळवलं होतं. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. त्या पत्रातला 'नको' भोंग्याने गिळला असं समज. वरच्या ओळीतलासुद्धा.