पांदीतून जाणारी गाडी

९ ऑगस्ट २००६, बुधवार

नवी गाडी आली. दवाखान्याच्या फाटकात नारळ फुटला, पेढे वाटले. मी वॉर्डातून खाली गेले नाही. खिडकीतून दिसली तेवढी. पांढरी, उंच, ट्रकच म्हणायचा, मागं पेशंटसाठी खोलीसारखी पेटी बांधलेली. कुणा देणगीदारानं बाहेरदेशातून मागवून दिली म्हणे. काळ्या रानातल्या वस्त्यांवर पावसाळ्यात जाता यावं म्हणून.

जुनी जीप शेडमागं नेऊन लावली.

११ ऑगस्ट, शुक्रवार

डॉ. मॅडमनी बोलावलं. दर गुरुवारी वस्त्यांवर जाणाऱ्या फेरीची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर चालली. "सुनंदा, वर्ष होत आलं. जाशील का?" वर्षभर त्यांनी हा विषय काढला नव्हता, तेवढं मानते. हो म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

घरी आत्याबाईंना सांगितलं नाही. ज्या फेरीवर त्यांचा लेक गेला तो परत आला नाही, त्याच फेरीवर आता सून चालली, हे कोणत्या तोंडानं सांगू.

१३ ऑगस्ट, रविवार

गाडीवर नवे ड्रायव्हर, शेषराव. फौजेतून रिटायर, मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. मॅडमनी सगळ्या स्टाफला दवाखान्यामागच्या रानात बोलावलं. टँकरनं पाणी सोडून चिखल केलेला. एका बाजूची दोन चाकं चिखलात, दुसऱ्या बाजूची दोन कोरड्यावर, अशी गाडी उभी केली.

आधी एक बटण बंद करून दाखवलं. चिखलातली दोन चाकं गरगर फिरली, कोरड्यावरची दोन हललीसुद्धा नाहीत. गाडी जागच्या जागी. मग बटण चालू केलं. खालून टर्र टर्र असा आवाज आला, समोर पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ वर चढली.

शेषराव म्हणाले, "गाडीचं काय ऱ्हातं बाई, जे चाक हलकं फिरतं, त्यालाच सगळा जोर जातो. घट्ट जमिनीवरचं नुस्तं उभं. हिच्यात काँप्युटर हाय. एखादं चाक फुकट फिराया लागलं की त्या एकट्यालाच ब्रेक लावतो. मंग जोर दुसरीकडं वळतो, ज्याला जमीन घावली त्याच्याकडं. आपुन फक्त पाय एकसारखा ठिवायचा."

मी विचारलं, "जुन्या जीपला पण चारही चाकांचा जोर होता की."

"व्हता ना. पन पुढचं एक नि मागचं एक घसरलं की संपलं. बाकीची दोन काय कामाची?"

"आणि मग ढकलायला कोण लागायचं?"

"आता कुनी न्हाई लागत बाई." हसून म्हणाले. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मागून कुणीतरी खुणावलं असणार. एकदम कापड घेऊन काच पुसत बसले. काच साफच होती.

१४ ऑगस्ट, सोमवार

त्या दिवसाचं वर्षभर लिहिलं नाही. आज सुट्टी आहे, आत्याबाई देवळात गेल्यात. लिहूनच टाकते.

मागच्या भादव्यातला गुरुवार. चार-पाच दिवस पाऊस लागून राहिलेला. पांदीपलीकडच्या वस्तीवर रुख्मिणला शेतात तण निंदताना साप चावला. नाग असावा. जीपमध्ये घेतली तेव्हा पापण्या मिटत चाललेल्या. पांदीत येईस्तोवर श्वास बंद पडला. मी तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होते. मी दाबला की तिची छाती वर येणार, थांबले की नाही.

दोन्ही बाजूंनी उंच बांध, मधून गाडीवाट, तिच्या उतारावर जीप फसली. जीप हेच चालवायचे; ते उतरले. स्टेअरिंगवर रुख्मिणच्या नवऱ्याला बसवलं, त्याला ट्रॅक्टर येत होता. मागून हे आणि रुख्मिणचे सासरे, किसनबाबा, ढकलू लागले. इंजिनाचा आवाज असा की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. चिखल काचेवर उडत होता. मग किसनबाबांनी काचेवर हात मारला. "सिस्टर, डायवर पडले."

मी फुगा सोडला नाही.

वस्तीवरून बैल आले, जीप निघाली. ह्यांना पुढच्या सीटवर आडवं घातलं. मधल्या फटीतून एक हात घालून मी मानेची नाडी बघितली. दुसरा हात फुग्यावरच होता. नाडी नव्हती.

रुख्मिण वाचली. मॅडम म्हणाल्या, हार्टचा झटका मोठा होता, तू उतरली असतीस तरी... पुढचं मी विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिली, ह्यांना देत होत्या तशीच, वर ठेच्याची गोळी.

आज दुसऱ्या बाजूची गावं होती, डांबरी रस्ता. शेषराव वाटेत म्हणाले, "बाई, त्या दिशी मला म्हाईत न्हवतं." मी म्हणाले, असू द्या. माणूस चांगला आहे. तरी त्यांचे स्टेअरिंगवरचे हात बघवत नाहीत. वाईट वाटतं, पण तसंच आहे.

३१ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसल्यापासून पाऊस आहे. आज पांदीपलीकडची वस्ती.

पांदीच्या तोंडाशी शेषरावांनी गाडी थांबवली. उतरून काठी रोवून चिखल बघितला, टायरातली हवा थोडी कमी केली. "घट्ट बसा" म्हणाले. मी डोळे मिटले. गाडी एका अंगाला घसरली, बांधाला लागते की काय असं झालं. टर्र टर्र सुरू झालं. पायाखाली कुणी दात खातंय असा आवाज. डोळे उघडले तर दिवा लुकलुकत होता नि आम्ही उतार संपवून वर आलेले.

एवढंच. एवढ्याशा वेळात.

"थांबवा," मी म्हणाले. उतरले. मागं चालत गेले, चपला चिखलात राहिल्या. चाकांच्या दोन रेघा सरळ वर गेलेल्या. इतक्या सहज. मला वाटलं होतं, गाडी निघाली तर बरं वाटेल. तसं झालं नाही. राग आला. कुणाचा, ते सुद्धा कळेना. एक वर्ष आधी आली असती तर, हे मनात दहादा आलं नि दहादा गिळलं.

शेषराव गाडीपाशीच उभे राहिले. हाक मारली नाही की हॉर्न दिला नाही. मी परत आले तर पाय धुवायला पाण्याची कॅन काढून ठेवलेली.

वस्तीवर सगळे तपासून घ्यायला आले. रुख्मिण नाही आली. तिच्या सासूला विचारलं. "घरातच हाय. तुमच्याम्होरं यायला धजत न्हाई."

मी पण निरोप धाडला नाही.

घरी आत्याबाई: "आज लवकर आलीस."

"गाडी अडकली नाही."

भाकरी थापायच्या थांबल्या. "पांदीत बी?"

"पांदीत बी."

तव्यावरची भाकरी करपली.

५ सप्टेंबर, मंगळवार

काल वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आज सकाळी गेले. भांडी आवरत होते, आत्याबाई दाराशी बसलेल्या. वर्षात कधी विचारलं नव्हतं ते आज विचारलं.

"सुनंदे, दत्ता पडला तवा त्यानं हाक मारली का गं कुनाला?"

हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. काय सांगू. इंजिन ओरडत होतं. मला काही ऐकू आलं नाही. खरंच नाही आलं. कधी कधी वाटतं आलं होतं, माझंच नाव होतं, पण ते नंतर मनानं घातलेलं असेल.

"मला ऐकू नाही आलं, आत्याबाई."

"तू फुगा दाबून राह्यल्ती," त्या म्हणाल्या. म्हणजे माहीत आहे. सगळं माहीत आहे. कुणी सांगितलं असेल? मला वाटत होतं त्यांना फक्त एवढंच माहीत, की मी जीपमध्ये होते.

"बराबर केलं का मी?" असं तोंडून गेलं.

त्यांनी उठून माझ्या हातातलं पातेलं घेतलं नि पालथं घातलं. रागानं नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज गाडी फसली.

रात्रीच्या पावसानं पांदीत मधोमध माती वाहून साचलेली. मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चाकं लोंबती राहिली. दिवा लुकलुकतोय, टर्र टर्र होतंय, गाडी जागची हलेना. शेषरावांनी पाय काढून घेतला. "काँप्युटर जोर वाटून देईल बाई. पन चाकाला जमीनच न्हाई तर त्यो काय करील?"

दार उघडून उतरू लागले. मी त्यांचा दंड धरला. "तुम्ही ढकलायचं नाही."

"ढकलत न्हाई. खोऱ्यानं माती काढतो."

"काहीच करायचं नाही. तुम्ही बसा." आवाज चढला माझा. फौजेतला माणूस, माझ्याकडं बघितलं नि दार लावून घेतलं.

पेशंट नव्हता आत. तेवढं बरं.

वस्तीला गाडीचा आवाज गेला असणार. माणसं आली, खोरी घेऊन. पाठोपाठ बाया, डोक्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे, चुलीसाठी रचून ठेवलेले. सगळ्यात पुढं रुख्मिण. वर्षानं बघितली. अंगानं भरली आहे. सरळ चाकाशी बसली नि पऱ्हाट्या खाली कोंबू लागली. मी पण पदर खोचून बसले. पुरुष पोटाखालची माती ओढत होते.

किसनबाबा माझ्याजवळ आले. "सिस्टर, दत्ताभाऊ त्या दिशी पडायच्या आदी..."

"बाबा, आधी गाडी निघू द्या."

त्यांनी खोरं उचललं नि पलीकडं गेले. त्यांचा चेहरा बघितला नाही मी.

चाकं काड्यांवर टेकली. शेषरावांनी हळूच पाय दिला. एक चाक घसरलं, टर्र झालं, दुसऱ्यानं धरलं, काड्या कडाकडा मोडल्या आणि गाडी वर आली. कुणी ढकललं नाही.

रुख्मिण उठून माझ्यासमोर उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे. "सिस्टर, मी येत न्हवते तुमच्याम्होरं. काय म्हनावं कळंना."

मला पण कळेना. तिचा हात धरला, तर सवयीनं बोटं नाडीवरच गेली. चांगली भरून चालली होती. तिला कळलं मी काय करते आहे. हात काढून घेतला नाही. मान खाली घालून तशीच उभी राहिली, मी सोडेपर्यंत.

"लेकरं बरी आहेत?" एवढंच विचारलं.

"बरी हायत. धाकटा साळंत जातो आता."

मला वाटलं होतं तिचा राग येईल. आला नाही. त्या जागी दुसरं काय आलं, ते लिहिता येत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

आत्याबाईंना गुरुवारचं सांगितलं होतं, सगळं. किसनबाबा काही सांगू बघत होते, हे सुद्धा. सांगायला नको होतं की काय. तेव्हापासून त्या तेच धरून बसल्यात.

"मला ने," आज जेवताना म्हणाल्या. "ती जागा मी बघितली न्हाई."

"चिखल आहे आत्याबाई. गाडी हेलकावे खाते."

"खाऊ दे."

१९ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमना विचारलं. नियमात बसत नाही, पण हो म्हणाल्या. शेषरावांना सांगितलं तर म्हणाले, "आजींना पुढं बसवा. मी हळू घेतो." थोडं थांबून, "तिथं थांबायचं का?"

मी म्हणाले, त्या सांगतील.

२० सप्टेंबर, बुधवार

उद्या गुरुवार. आज पाऊस नाही, आभाळ भरलेलं आहे. आत्याबाईंनी लुगडं धुऊन वाळत घातलंय. जवळपास वाळलंच. किसनबाबांचं घर कुठल्या बाजूला, ते मला दोनदा विचारलं.

त्या विचारणार. उतरल्या उतरल्या विचारणार, मला ठाऊक आहे. आणि किसनबाबा खोटं बोलणारा माणूस नाही. ह्यांनी कुणाला हाक मारली असेल तर सांगतील. मारली नसेल तर तेही सांगतील. ह्यांच्या आईला हवं ते मिळेल. माझं काय, ते कळत नाही. माझं नाव घेतलं होतं असं निघालं, तर मी काय करू. नव्हतं घेतलं असं निघालं तरी काय करू.

त्या बोलतील तेव्हा गाडीतच बसून राहावं, काचा वर करून, की त्यांचा हात धरून खाली उतरावं, अजून ठरत नाही.