सप्तपदीवाचूनचं लग्न

आदिलाबाद, ३ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. भगवानमामांस,
मनकर्णाचा सविनय जयभीम. वि. वि.

मामींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही सगळे खुशाल.

मामा, मला माझी स्वतःची पहिली नवरा-बायकोची केस मिळाली! जैनथकडची जयवंता. नऊ वर्षांचा संसार, सात वर्षांची मुलगी. नवरा सुधाकर कारकून झाला आणि आता त्याला दुसरं लग्न करायचंय. म्हणून दावा लावलाय की होम नाही, सप्तपदी नाही, तेव्हा ही माझी बायकोच नाही. आपल्याच समाजाचा माणूस, आणि असं म्हणतो!

जयवंता तोंड उघडत नाही, सगळं तिचा भाऊ उद्धवरावच सांगतो. सुधाकरची सगळी लफडी उघडी पाडणारं आठ पानी उत्तर मी लिहिलंय, सोबत जोडते. तुम्ही तीस वर्षं कोर्टात पेशकार होता, जरा नजर टाका.

मामींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मनकर्णा

बोथ, ९ फेब्रुवारी १९८६

चि. मनकर्णास अ. उ. आ.

आठही पानं तुझ्या मामीला वाचून दाखवली. तिला छान झोप लागली. आता ती फाडून टाक.

रुसू नको. घरच्या भांडणाच्या केसमध्ये आधी भावाला बाहेर बसवावं आणि बाईला एकटीला ऐकावं. त्या दिवशी लिहूही नये. तिला काय पाहिजे ते तिच्याच तोंडून येऊ दे. नवऱ्याला शिव्या घालू नको. निकाल काहीही लागो, त्या पोरीचा बाप तोच राहणार. तो माणूस कसा आहे हे कोर्टाला नकोच आहे. लग्न कसं लागलं, एवढंच विचारतील. दोघांपैकी एकाच्या समाजाच्या रीतीनं लागलेलं लग्न कायद्याला चालतं. पण रीत पुस्तकात सापडत नाही, गावात जाऊन विचार. त्याच्याच घरी विचार.

आणि साक्षीआधी बाईला कोर्ट दाखवून आण. तिथं सगळं तेलुगूत चालतं. प्रश्न समजला नाही तर तसं सांगायचं, हे शिकव. न समजता मान हलवून हरलेल्या बाया मी फार पाह्यल्या. जिंकून देईन असं मात्र कबूल करू नको.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
भगवानमामा

आदिलाबाद, २२ मार्च १९८६

ती. स्व. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

तीन दिवस रुसले, मग फाडली.

उद्धवरावाला चहाला पाठवलं. तेव्हा जयवंता म्हणाली की, मले तो नाई पाह्यजे बाई, पण माह्या पोरीले कोनी बिनलग्नाची म्हनू नाई. मामा, मी तर नवरा परत आणायला निघाले होते!

गावात जाऊन आले. लग्नात त्रिशरण-पंचशील म्हणणारे देवाजी अजून आहेत, साक्षीला येतो म्हणाले. मग धीर करून सुधाकरच्याच घरी गेले. त्याची आई मथुराबाई सगळं ऐकून घेऊन आत निघून गेली. तरीही तिचं नाव साक्षीदारांत घालू का? भीती वाटते. लवकर कळवा.

तुमची,
मनकर्णा

बोथ, २७ मार्च १९८६

चि. मनकर्णास अ. उ. आ.

घाल. पण आधी तिला पुन्हा भेट आणि काय विचारणार ते नीट सांग. आईला अचानक पोरासमोर उभी करू नये.

तुझा,
भगवानमामा

आदिलाबाद, १७ जानेवारी १९८७

ती. स्व. मामांस सविनय जयभीम.

जिंकलो! लग्न कायदेशीर ठरलं, सुधाकरचा दावा खारीज!

मथुराबाई चार वेळा भेटल्यावर तयार झाली. साक्षीला पांढरं लुगडं नेसून आली. त्यांच्या वकिलानं दरडावून विचारलं की सप्तपदी झाली होती का. ती म्हणाली, नाई. हार घातले, पंचशील म्हनलं, आमच्यात तसंच लागते. माह्या पोरीचंबी तसंच लागलं, दीक्षा घेतली त्या साली माहंबी तसंच लागलं. हे लगन खोटं तं माहंबी खोटं. मंग हा सुधाकर कोनाचा, ते त्यालेच इचारा.

दुभाष्यानं तेलुगूत सांगायच्या आधीच जज साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. सुधाकरनं मान वर केली नाही.

आज निकाल ऐकून जयवंता रडली नाही. पोरीचं नाव, बापाचं नाव निकालात कुठं लिहिलंय ते तिनं मला बोट ठेवून दाखवायला लावलं. दोनदा. सुधाकर पायरीवर आईची वाट पाहत उभा होता. मथुराबाई त्याच्यापुढून गेली, नातीचा हात धरला, आणि सासू-सून जैनथच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसल्या.

मामींना सांगा, या वेळी झोपू नका. तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.

तुमची,
ॲड. मनकर्णा