आल्डरमनला गाव सोडता येत नाही

महादेवपुरा, बेंगळूर
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप बसवंतदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, नागनाथचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि सोयरावहिनींच्या डोळ्यांतले पाणी थांबले का, ते सविस्तर कळवावे. फोनवर तुम्ही "सगळं बरं आहे" एवढेच म्हणता आणि मग मला झोप लागत नाही.

ठरल्याप्रमाणे मी या अमावास्येनंतर कायमचा निपाणीला तुमच्याकडे यायचा होतो. शुभंकरला कंपनी इंग्लंडला पाठवते आहे, सूनबाई मुग्धाही बरोबर जाणार, तेव्हा मला तुमच्याकडे ठेवून जायचे असे दोघांनी ठरवले. मी एका शब्दाने नको म्हटले नाही, मुग्धाला विचारून बघा. ट्रंकही भरली होती. (पानाचा डबा वरच ठेवला होता, वाटेत लागतो म्हणून.) पण आता माझे येणे अवघड झाले आहे, आणि त्याला कारण इंग्लंडातली जुनी कौंटी कौन्सिल. काळजी करू नका. यात पोलिसांचा संबंध आहे, पण थोडाच.

त्याचे असे झाले. आमच्या अपार्टमेंटचा कारभार पहिल्यापासून चार जुने फ्लॅटवाले बघत आले. त्यांना कुणी निवडलेले नव्हते. त्यांनी सगळ्यांच्या आधी फ्लॅट घेतले एवढेच. अधूनमधून बसायचे, केसरीबात (म्हणजे आपला शिरा) खायचा, टँकर कुणाचा घ्यायचा ते ठरवायचे आणि उठायचे. या उन्हाळ्यात बोअरवेल आटली आणि लोक भडकले. सभा भरली. त्यात तळमजल्यावरचे श्रीकांत राव उभे राहिले. (हे धारवाडला कॉलेजात इतिहास शिकवत. मराठी आपल्यासारखेच बोलतात, रागावले की मात्र कन्नड.) ते म्हणाले, व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडात अगदी हेच झाले होते. कौंटी म्हणजे आपला जिल्हा. तिथले रस्ते, पूल, वेड्यांची इस्पितळे सगळे जमीनदार मॅजिस्ट्रेट बघत. वर्षातून चारदा कोर्ट भरवायचे, आणि खटले आटोपले की त्याच खुर्च्यांवर बसून पुलाचेही ठरवायचे. लोकांनी पट्टी भरायची, विचारायचे काही नाही. शेवटी १८८८ साली कायदा झाला आणि लोकांनी निवडलेली कौन्सिल आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या, "राणीचं राहू दे राव, स्वल्प पाण्याचं बोला." राव म्हणाले, "पाण्याचंच बोलतोय अक्का!" आणि पुढे बोलतच राहिले. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला यातले पुलापर्यंत समजले. पण लोक इतके वैतागले होते की त्यांनी तीच पद्धत मंजूर करून टाकली. दर मजल्याने एक सभासद निवडायचा, तो तीन वर्षांसाठी. मग या सभासदांनी आपल्या संख्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतके वडीलधारे निवडायचे, त्यांना म्हणायचे आल्डरमन, आणि ते सहा वर्षांसाठी. निवडणुकीच्या धुमाळीत सगळेच नवखे आले तर कारभार हलका पडतो, म्हणून ही जड माणसे ठेवायची, असे राव म्हणाले. आल्डरमन सभासदांतलाच हवा असे नाही, बाहेरचाही चालतो. इथली मुले सगळी कंप्युटरवाली, सहा वर्षे ती एका नोकरीतही टिकत नाहीत, तर कोण उभे राहणार? भाग्यलक्ष्मीअक्का माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अज्जा दिवसभर गेटपाशीच बसलेले असतात. त्यांनाच करा की!" पटापट हात वर झाले. माझ्या तोंडात केसरीबात होता. तो गिळून नको म्हणेपर्यंत टाळ्या वाजल्या.

मग समित्या झाल्या. हिशेबाची समिती तर तिकडे कायद्यानेच लागे, तशी इथेही केली. मोठे रस्ते कौन्सिलकडे आणि गल्लीबोळ खालच्या मंडळांकडे असत, म्हणून इथे मोठी पाइप कौन्सिलकडे आणि घरातला नळ ज्याचा त्याने बघायचा असे ठरले. वेड्यांच्या इस्पितळाच्या समितीला काम काय द्यावे यावर बराच वेळ गेला. शेवटी तिला पार्किंग दिले.

घोटाळा झाला तो पोलिसांवरून. तिकडे पोलीस मॅजिस्ट्रेटांनी सोडले नाहीत आणि कौन्सिलनेही सोडले नाहीत, म्हणून निम्मे हे आणि निम्मे ते अशी जोडसमिती केली होती. आपल्याकडे पोलीस म्हणजे वॉचमन कल्लाप्पा. त्याच्यावर चार जुने आणि चार नवे अशी समिती बसली, नव्यांत मी. पहिलाच प्रश्न आला, बाहेरच्या गाड्यांना फाटक उघडे ठेवायचे की बंद? चार म्हणाले उघडे, चार म्हणाले बंद. सभा उठली. कल्लाप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अज्जा, कुणाचं ऐकू?" बिचाऱ्याची नोकरी दोघांच्या हातात. मला फार काळजी वाटली. मी म्हटले, "दोघांचाही मान राख. अर्धं उघड." त्याने एक झडप उघडली, दुसरीला कुलूप घातले आणि किल्ली जुन्या चारांच्या मुख्यांना नेऊन दिली. ते किल्ली खिशात घालून म्हैसूरला लेकीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला आणि त्या अर्ध्या फाटकात अडकला. पुढे येईना, मागे जाईना. आत टाक्या कोरड्या, आणि बाहेर पाणी नुसते दिसते आहे. अर्धी बिल्डिंग साबण लावलेली. आमचा शुभंकर पंचा गुंडाळून गॅलरीतून ओरडला, "नाना, आजच्या आज राजीनामा द्या!" वरून भाग्यलक्ष्मीअक्का त्याच्यावर ओरडल्या, "अज्जांना काय बोलतोस? समितीला बोल!" राव मात्र खुशीत होते. "बघा, जोडसमिती कशी चालते ते!" म्हणून प्रत्येकाला सांगत फिरत होते.

दादा, राजीनाम्याचे मी रावांना विचारले. तिकडे निवडून आल्यावर पद नाकारणाऱ्याला दंड असे, आणि फार काळ कौंटीबाहेर राहिले तर पदच जाई. म्हणजे निपाणीला आलो तर मी पळून गेलो असा अर्थ होतो. रात्री जेवताना हे मी शुभंकरला सांगितले. तो म्हणाला, "मग आम्ही गेल्यावर तुमचं कोण बघणार, नाना?" मी म्हटले, "तुम्ही खुशाल जा, कौन्सिल आहे." तो भात कालवत बसला, जेवला नाही. मग मुग्धाला म्हणाला, इंग्लंडचे दुसऱ्या कुणाला देता येते का ते ऑफिसात विचारतो. जबाबदारी अंगावर पडली की माणसाचा इलाज चालत नाही.

तरी माझी वाट पाहू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नागनाथ

ता. क. शुभंकर तुम्हाला फोन करेल. "काका, तुम्हीच नानांना हट्टाने बोलावून घ्या," असे म्हणेल. त्याला सांगा, मधल्या खोलीत तंबाखू भरला आहे, माणूस मावत नाही. वहिनींकडे फोन देऊ नका, त्यांना खोटे बोलता येत नाही. मी त्याला जाऊ नको म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. पण मला एकट्याला टाकून तो जायचा नाही, एवढे मला माहीत आहे. तुम्ही फक्त खोली रिकामी करू नका.

आणखी एक. सगळे आल्डरमन एकदम उठू नयेत म्हणून पहिल्या खेपेला निम्मे तीनच वर्षांनी निवृत्त करायचे असतात. त्याच्या चिठ्ठ्या काल टाकल्या. मला तीनची आली. घरी मी सहाच सांगितली आहेत. तुम्हीही सहाच म्हणा.