नव्या पुंगळ्या, जुनं माप

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २००३

प्रिय जयसिंग,

जय भीम. आजऱ्याला पोचलास हे कळलं. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. काजूला मोहर कसा आहे?

मला तुझा संताप आलाय. अपघाताच्या चौकशी समितीपुढं "माप माझंच चुकलं" असं लिहून सही करायला तुला कुणी सांगितलं? बावीस वर्षं तू रायफल क्लबची काडतुसं हातानं भरलीस. दारूचा एक कण जास्त पडला तरी काट्यावर ओळखणारा माणूस तू! शनिवारी समिती ते काम तुझ्याकडून कायमचं काढून घेणार आहे आणि तू गावाकडं जाऊन गप्प बसलास.

माझ्या रूपालीला उजव्या डोळ्यानं अजून धुरकटच दिसतं. नेमाचा डोळा तो. लोक माझ्यासमोर तुला शिव्या घालतात. मी ऐकून घेतो. गप्प बसणं हा गुन्हा आहे, असं तीस वर्षं व्यासपीठावरून ओरडणारा मी.

नव्या कंपनीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आल्या तेव्हा तू एक रिकामी पुंगळी पाण्यानं भरून काट्यावर ठेवलीस आणि म्हणालास, "हिची भित जाड हाय. आत जागा कमी. जुन्या मापानं दारू भरली तर दाब वाढंल. माप उतरवून परत थोडं थोडं चढवत बघाय पायजे. आठ दिस दे की."

स्पर्धा चार दिवसांवर होती. मी क्लबचा सचिव. सगळ्यांसमोर गरजलो, "पिढ्यान्पिढ्या वरच्या जातीचे आम्हाला थांबाच म्हणत आले. आता तू बी?" टाळ्या पडल्या. तू मान खाली घालून जुन्याच मापानं भरलंस. रूपालीच्या तिसऱ्या गोळीला पुंगळी मागून फाटली.

पाण्याच्या थेंबाला जात नव्हती, जयसिंग. ती मी चिकटवली.

पण तू भरायला नको होतंस! पेटी माझ्या तोंडावर फेकायची होतीस. हा राग मरेपर्यंत जाणार नाही.

काल रूपालीला सगळं सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"म्हंजे काकास्नी मी उगंच बोलले व्हय? समितीला मागनं सांगा, बाबा. आदी त्यास्नी."

म्हणून हे पत्र. शनिवारी उभा राहून हेच बोलेन. नको म्हणायला फोन करू नकोस.

नावाआधी 'तुझा' लिहायला हात धजत नाही.

प्रसेनजीत