कोरडी ओढलेली पट्टी

माय, मागच्या महिन्यात माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पुन्हा काढलं. तेच नख. पहिल्या वेळेनंतर ते कधी सरळ उगवलंच नाही. जाड, पिवळं होऊन एका कडेनं मांसात शिरत राहिलं आणि मी इतकी वर्षं ते कातरत दुखणं अंगावर काढलं. यंदा पू झाला, तेव्हा बीडला दवाखान्यात जावंच लागलं. बधिर करायची सुई टोचली आणि मला नांदूरघाटचं आपलं सैपाकघर दिसायला लागलं.

तेव्हा म्हशीनं पाय दिला होता. नख काळं पडून उचकटलं, म्हणून केजच्या डॉक्टरनं ते काढलं. त्यानं माझ्यासमोर तुला सांगितलं होतं, पट्टी चिकटते, ती भिजवूनच सोडवा, पाय उशीवर ठेवा, जखमेला माती-शेण लागू देऊ नका. येताना बसमध्ये तू माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतलास, गचका बसला की तळहात आडवा धरत होतीस. हे मला आठवतं, म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

जखम भरायला लागली होती, तोच परगावच्या पाव्हण्यांचा निरोप आला, पोरगी बघायला येतो म्हणून. बाप म्हणाला, पोरीचा पाय बरा होऊ दे, मग बोलवू. तू ऐकलं नाहीस. असं स्थळ दुसऱ्यांदा दार वाजवत नाही, म्हणालीस. मी चुलीपुढं बसलेय, बाहेर पाव्हण्यांचं बोलणं ऐकू येतंय, आणि तू माझा पाय पुढ्यात ओढून पट्टीचं टोक धरतेस. मी म्हणते, थांब, पाणी कोमट करते.

"आता येळ न्हाई. पट्टी पाह्यली तर पोरगी लंगडी हाय म्हनतील."

आणि कोरडीच ओढलीस. नुकती धरू लागलेली कातडी तिच्यासंगं निघून आली. मी ओरडू नये म्हणून तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. मग वर हळद दाबलीस, लुगड्याचा काठ खाली ओढलास आणि हातात चहाचं ताट दिलंस. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, जरा दारापर्यंत चालून दाखव. मी चालले. सारवलेल्या भुईवर रक्ताचे ठिपके पडत होते आणि तू माझ्यामागून येत ते आपल्या पायानं पुसत होतीस. तू लई हुशार होतीस, माय.

माझ्या पायाकडं कुणी पाहिलंही नाही. पोरगी सावळी हाय, असा निरोप आला.

पुढं अंगठा सुजला, ताप चढला, परत केजला न्यावं लागलं. डॉक्टर तुझ्यावर चिडला, तेव्हा तू म्हणालीस, पोरगी ऐकत न्हाई, अनवाणी हिंडती. मी बाजूलाच पडले होते. बरी झाल्यावर एकदा विचारलं, पट्टी कावून ओढलीस? तू भाकरी थापत होतीस. "तुज्याच भल्यासाठी," म्हणालीस, मान वर न करता.

आता माझी लेक माझी पट्टी बदलते. साबणानं हात धुते, मिठाचं निर्जंतुक पाणी ओतते आणि पट्टी आपण होऊन सुटेपर्यंत माझ्याशी काहीबाही बोलत बसते. पहिल्या दिवशी मी पलंगाची कड गच्च धरून दात आवळले होते. तिनं विचारलं, "आई, अजून हात न्हाई लावला, दात आवळती कावून?" मग ती पट्टी नुसती उचलली गेली. दुखलं नाही. एवढंच करायचं होतं, माय. थोडं पाणी, थोडा दम. पाव्हण्यांना चहा दुसऱ्या कुणी दिला असता.

नवं नख यायला वर्ष लागेल म्हणतात. खालची जागाच बिघडली आहे, सरळ येईलच असं नाही.

लेकीला तू डोक्याला तेल चोळून देणारी आजी म्हणून आठवतेस. काल तिनं विचारलं, पहिल्या वेळेला आजी कशी बदलायची गं पट्टी? मी म्हणाले, अशीच. भिजवून.

हे खोटं तुझी अब्रू राखायला नाही बोलले. तिला तरी एक धड आजी असावी म्हणून बोलले. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे.