ताईचा लांबलेला सूर

ता. ३ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

घशाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पण आमच्या ठरलेल्या गाण्यात कडव्याच्या शेवटच्या सुरावरून ध्रुवपदाच्या वरच्या सुरावर उडी घ्यायला गेले की आवाज फाटतो. आमच्या गायकवृंदाचे मास्तर ऐकायला तयार नाहीत. वार्षिक कार्यक्रमात ते गाणं मीच एकटीने म्हणायचं, असा हट्ट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंदा फजिती झाली तर गाणं कायमचं सोडायचं, हे मी ठरवलंय. गाणी ऐकून मला वाईट वाटू नये म्हणून तुझे भाऊजी मी खोलीत आले की रेडिओ बंद करतात.

पियानोवर तू बसणार असशील तरच उभी राहीन. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतेय. नाचशाळेतून सुट्टी मिळाली. बाई म्हणाल्या, तुमचा पियानो नसला तर चार दिवस मुली टाळ्यांवर नाचतील.

तुझं दुखणं घशाचं नाही, उडीचं आहे. मास्तरांच्या साथीत कडव्याच्या शेवटी सीची कॉर्ड (तीन-चार सूर एकदम) संपते आणि धाडकन ध्रुवपदाची एफची येते. मी मध्ये पायऱ्यांसारख्या दोन पॅसिंग कॉर्ड घातल्या आहेत. माझी करंगळी सीवरून डी, ई असं करत एफवर जाईल. बाकीची बोटं जवळात जवळच्या पट्टीवर सरकतील, आणि ज्याला हलायची गरज नाही ते बोट जागचं हलणार नाही. तू फक्त करंगळीच्या मागून ये. लहानपणी मी तुझ्या मागून यायचे, आता तुझी पाळी.

भाऊजींना सांग, रेडिओ खुशाल लावा. माया कमी पडली तर येऊन भांडेन.

तुझी,
बुटकी (तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच)

ता. २ मार्च

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

तू गाडी गाठायच्या घाईत निघून गेलीस, म्हणून हे कागदावर.

कडवं संपलं आणि मी सीवर अडकले. पायरी दिसत होती, पाऊल उचलेना. आता सगळे हसणार, असं वाटलं. पण तू थांबली नाहीस. माझ्या त्या एका सुराखालून कॉर्ड बदलत गेलीस: सी, ए मायनर, एफ. तिन्हींत माझा सी होताच! चुकले मी, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं, गाणं असंच बांधलंय. मग हळूच मला पहिल्या सीच्या कॉर्डवर आणलंस आणि पुन्हा निघालीस. या वेळी मी डी, ई करत एफवर पोहोचले. आवाज फाटला नाही गं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. तू माझ्यासाठी अंगणच सरळ केलंस. इतकी वर्षं तुला मी नुसती साथीला बसणारी समजत होते. किती ऐकू येतं गं तुला!

मास्तर म्हणाले, तो सूर लांबवण्याची कल्पना सुरेख होती, पुढच्या कार्यक्रमातही तसाच लांबवा.

मी हो म्हटलं. येशील ना? माया आहेच, ती मागायला लावू नकोस.

तुझी,
ताई