हिब्रूच्या वर्गाचा पट

रविवार, ४ ऑगस्ट. सकाळी सात.
संकल्प. नव्या पिढीला आपलं ज्यू धर्मशिक्षण मिळालंच पाहिजे. प्रार्थनेचं पुस्तक उजवीकडून उघडायचं हेसुद्धा या पोरांना सांगावं लागतं! सिनेगॉगच्या मागच्या खोलीत दर रविवारी हिब्रूचा वर्ग. शिक्षक मी. दुसरं आहे कोण? साठ वर्षं एक शब्बाथ, शनिवारची एक प्रार्थना चुकवली नाही. जागाही तीच, चष्मेवाल्याच्या मागची.

चष्मेवाला म्हणजे माझा बालमित्र. हल्ली सिनेगॉगचा अध्यक्ष, म्हणून जरा ताठ चालतो. खोली मागितली तर म्हणाला, अरे, तिथं टेबल-टेनिसचं टेबल यायचंय. महिनाभर घे. पोरं टिकली तर तुझा वर्ग, नाहीतर माझं टेबल.

टिकतील. नात बारा वर्षांची होतेय. ३१ तारखेच्या शब्बाथला सगळ्यांसमोर तोराचा, आपल्या धर्मग्रंथाचा उतारा वाचणार. कुणीतरी विचारावं, कुणी गं शिकवलं? आणि तिनं माझ्याकडे बोट करावं. आणखी काही मागणं नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट.
पट आखला. खडू आणले. आमचे मास्तर आठवले. डोळे मिटून कविता म्हणायचे, तेव्हा खिडकीबाहेरची झाडंसुद्धा शिस्तीत उभी राहायची. अक्षरं कवितेतूनच शिकवावीत. दुपारी एका बैठकीत रचली :

आलेफ आला, बेथ बसली, गिमेलने गंमत केली,
दालेथच्या दारामधून सारी शाळा पळून गेली.

सूनबाईला चालीवर म्हणून दाखवली. म्हणाली, छान आहे हो बाबा, पण अक्षरं बावीस ना? मी म्हणालो, उरलेली अठरा दुसऱ्या सर्गात. हिला बावीस कसं माहीत, देव जाणे. कुठंतरी ऐकलं असेल.

रविवार, ११ ऑगस्ट.
पटावर सात. हजर चार. कविता तुफान चालली. तिघांना 'पळून गेली' फारच आवडलं. ते पळून गेले.

नात म्हणाली, आजोबा, फळ्यावर आलेफ काढून दाखवा ना. मी म्हणालो, बाळ, आधी कान, मग डोळे. लिपी ही शेवटची पायरी. ती म्हणाली, बरं. तिचं हे 'बरं' आजीवर गेलंय.

सोमवार, १२ ऑगस्ट.
इथं लिहायला हरकत नाही. अक्षरओळख जरा सैल झालीय. म्हणजे वडिलांनी सगळ्या प्रार्थना तोंडपाठ करून घेतल्या, अक्षरांचं राहूनच गेलं. अडलं मात्र कधीच नाही. पुढं चष्मेवाला पान उलटतो, की मी उलटतो. साठ वर्षांत एकदाही मागंपुढं नाही. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला?

तरी शिकून टाकतो. रोज तीन अक्षरं, सात दिवस. एकवीस. एक राहिलं तर राहिलं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट.
आलेफ झाला. बहुतेक.

रविवार, १८ ऑगस्ट.
पटावर सात. हजर नात. दर्जा महत्त्वाचा, संख्या नव्हे.

तिनं उतारा पुढं केला. म्हणाली, एकदा वाचून दाखवा. मी डोळे मिटले आणि अशी काही चाल लावली की मास्तरांनी पाठ थोपटली असती. ती म्हणाली, आजोबा, सुंदर म्हणता तुम्ही. पण हे या पानावर नाहीये.

मग कुठल्या पानावर आहे?

ती म्हणाली, ते मी कसं सांगू? पान कधी उलटायचं हे तुम्हाला कसं कळतं?

मी पद्धत समजावली. थोड्या अभिमानानंच.

मंगळवार, २० ऑगस्ट. संध्याकाळी.
पोरगी भारी चौकस. शाळेतून थेट चष्मेवाल्याच्या दुकानात गेली. विचारलं, आजोबा तुमचं बघून पान उलटतात, तुम्ही कुणाचं बघता? तो म्हणाला, मी कशाला बघू? तुझा आजा मागं बसतो ना! त्याच्या पानाची सळसळ झाली की मी उलटतो. पक्का वाचणारा माणूस!

लगेच दुकान गाठलं. अर्धा तास तो चष्मे पुसत राहिला, मी घालून बघत राहिलो. शेवटी तो म्हणाला, मग इतकी वर्षं पहिलं पान कोण उलटत होतं रे?

बराच विचार केला. सिनेगॉगमध्ये आमच्या बाकांच्या वर पंखा आहे.

रविवार, २५ ऑगस्ट.
वर्गाला सुट्टी. शिक्षकाचा घसा बसला. कालच्या शब्बाथला पंखा बंद होता. आम्ही दोघं शेवटपर्यंत पहिल्याच पानावर.

रविवार, १ सप्टेंबर. सकाळी.
शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून कालचं आज.

नातीनं वाचलं. अडखळली नाही. एकेका ओळीखालून बोट असं सरकत होतं, जणू त्या ओळी तिच्याच घरच्या. माझे डोळे भरून आले. अक्षरं पुसट झाली, पण त्यानं मला काही फरक पडत नाही.

नंतर चष्मेवाल्यानंच विचारलं, कुणी गं शिकवलं? नातीनं बोट केलं. थेट माझ्या दिशेनं. मी उठून उभासुद्धा राहिलो. बोट माझ्या मागं होतं. बायकांच्या बाकावर सूनबाई.

म्हणे लहानपणीच शिकली. हल्ली रोज संध्याकाळी भांडी आवरली की ती आणि नात स्वयंपाकघरात बसत. मी म्हणालो, या घरात येऊन पंधरा वर्षं झाली, बोलली नाहीस? ती म्हणाली, बाबा, तुम्ही विचारलंत कधी?

रविवार, १ सप्टेंबर. दुपारी.
टेबल-टेनिसचं टेबल आलं. वर्ग मात्र चालू ठेवला! खेळ सुरू व्हायच्या आधी एक तास. पटावर दोन, हजर दोन : मी आणि चष्मेवाला. शिक्षिका नात. पहिला पाठ, आलेफ दहा वेळा.

चष्मेवाला माझ्या वहीत बघून काढत होता. मी कधीपासून त्याच्या वहीत बघत होतो. दोघांचा आलेफ हुबेहूब एकसारखा आला. फक्त आलेफसारखा नाही.

नातीनं आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना बसवलंय. मध्ये जाळी.